मुलांसाठी जुनी डर्ट बाइक घेताय? आधी टेप काढा

आमच्या मुलीची पहिली डर्ट बाइक, म्हणजे मातीत चालवायची छोटी मोटारसायकल, आम्ही शाळेच्या युनिफॉर्मच्या हिशेबाने घेतली. जरा मोठीच घेऊ, दोन-तीन वर्षं निघतील. ती तेव्हा सहा वर्षांची. गाडी चिनी बनावटीची, ११० सीसीची, दिसायला एकदम झकास. सीटवर बसवलं की पोरीच्या पायांचे अंगठे तेवढे जमिनीला लागायचे. पहिल्या रविवारी ती तीनदा पडली आणि तिन्ही वेळा गाडी थांबवताना. चौथ्यांदा बसायलाच तयार होईना. मग ती गाडी मुलुंडला आमच्या जिन्याखाली चार महिने धूळ खात उभी राहिली आणि शेवटी निम्म्या किमतीत गेली.

दुसरी घेताना शहाणपण आलं होतं. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही आणि घरात हट्ट सुरू झालाय, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम लिहितोय.

१. गाडीच्या आधी जागा शोधा

मुंबईत हा प्रश्न सर्वात अवघड, म्हणून पहिला. डर्ट बाइकला नंबर प्लेट मिळत नाही, ती रस्त्यावर आणायचीच नसते. "५० सीसीला लायसन्स लागत नाही" हे विकणाऱ्यांचं आवडतं वाक्य आहे आणि ते साफ खोटं आहे. मोटार वाहन कायद्यात ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला सवलत आहे ती वयाची, १८ ऐवजी १६. लायसन्स तेव्हाही लागतंच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे आरेतला रस्ता, सकाळी सहाला रिकामा असलेला सर्व्हिस रोड, अक्सा-गोराईचा किनारा, खारफुटीलगतची मोकळी माती, यातलं काहीही धरू नका. सोसायटीचं आवारसुद्धा नको. तिथे पार्किंगमधून मागे येणाऱ्या गाडीला एवढंसं पोर दिसत नाही.

उरते ती खासगी जमीन. कर्जत, नेरळ, मुरबाड, खोपोली या पट्ट्यात कुणाचं शेत, फार्महाउस, ओळखीच्याची पडीक जागा. आमचा अनुभव सांगतो: भात कापून झालेलं खाचर नवशिक्या मुलासाठी उत्तम. सपाट असतं, चारी बाजूंनी बांध असतो, त्यामुळे पोर कुठे निघून जात नाही. मात्र मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. कापणीनंतरच्या ओलीवर रायगडात बरेच जण वाल पेरतात, आणि आपल्याला जे रिकामं वाटतं ते त्यांचं पीक असतं. धसकटं कडक असतात, तेवढा एक कोपरा आदल्या दिवशी साफ करून घ्यावा.

याचा अर्थ तुमचा हंगाम नोव्हेंबर ते मे. जागा नक्की होत नसेल तर गाडी बघायलाच जाऊ नका, कारण एकदा बघितली की घेतली जाते.

२. सायकल येते का?

मागची छोटी चाकं काढलेली सायकल मूल बिनधास्त चालवतं का, आणि उतारावर पाय न घासता ब्रेक दाबून थांबतं का, एवढं पाहा. नसेल तर सहा महिने सायकलच. मोटरच्या गाडीला बाजूची चाकं लावून मिळतात, पण त्यांच्यावर मूल वळणात झुकायला शिकत नाही, उलट चुकीच्या बाजूला रेलायची सवय लागते.

३. माप

मुलाला भिंतीला पाठ टेकवून उभं करा. पायात बूट असू द्या. दोन पायांच्या मध्ये जाडसर वही आडवी धरा, वरच्या बाजूला जरा दाबून, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. आमच्या मुलीचं ५१ सेंटिमीटर भरलं. गाडीच्या सीटची उंची या आकड्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी हवी, म्हणजे दोन्ही टाचा टेकतात. मोठ्यांच्या गाडीवर एक पाय टेकला तरी भागतं. सहा वर्षांच्या मुलाचं भागत नाही, कारण गाडी कलली की ती सावरायची ताकद त्याच्या एका पायात नसते.

वजनही करून ठेवा. या छोट्या गाड्यांना बसणाऱ्याच्या वजनाची मर्यादा असते.

४. कोणत्या गाड्या बघायच्या

यामाहा पीडब्ल्यू ५०. आमची दुसरी गाडी हीच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळपास तीच गाडी चालू आहे, यावरून काय ते समजा. टू-स्ट्रोक (पेट्रोलसोबत तेलही जाळणारं इंजिन), गिअर नाहीत, सीट साधारण ४८ सेंटिमीटरवर, गाडीचं वजन ४० किलोच्या आसपास, बसणाऱ्याचं २५ किलोपर्यंत. चेन नाही, शाफ्ट (चाक फिरवणारा बंदिस्त दांडा) आहे, म्हणजे बोट अडकायची भीती नाही आणि चेन ताणत बसायचं कामही नाही. दोन्ही ब्रेक हातात, सायकलसारखे. चार ते सात वर्षांच्या मुलाला याहून सोपी पेट्रोलची गाडी मला माहीत नाही.

होंडा सीआरएफ ५० एफ. फोर-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये तेल न लागणारं इंजिन), तीन गिअर पण क्लच नाही, सीट सुमारे ५५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, बसणाऱ्याची मर्यादा ४० किलो. मागचा ब्रेक पायाने. हिचं इंजिन आडव्या सिलिंडरचं, आपल्या स्प्लेंडरच्या जातकुळीचं, त्यामुळे नाक्यावरचा मेकॅनिक ते उघडायला कचरत नाही. पीडब्ल्यूसाठी मात्र आरएक्स १०० च्या जमान्यातला, टू-स्ट्रोकवर हात बसलेला म्हातारा मिस्त्री गाठावा लागतो. ते अजून आहेत, गल्लीबोळात विचारलं की सापडतात.

कावासाकी केएलएक्स ११० भारतात २०१८ मध्ये अधिकृतपणे विकायला आली, तीन लाखांच्या घरात. चांगली गाडी आहे, पण सीट ६८ सेंटिमीटर. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी.

केटीएम ५० एसएक्स शर्यतीसाठी बनवलेली आहे. तिची ताकद एकदम अंगावर येते आणि देखभाल किलोमीटरवर नाही, चालवलेल्या तासांवर मोजतात. पहिली गाडी म्हणून नको, कितीही स्वस्तात मिळाली तरी.

मग येतात त्या दोरी ओढून चालू होणाऱ्या ४९ सीसीच्या चिनी गाड्या. मुंबईत सर्वात जास्त याच दिसतील. सरसकट वाईट म्हणणार नाही, पण त्यांचा क्लच झटक्याने पकडतो, ब्रेक कसेबसे असतात आणि एकाच नावाच्या दोन गाड्यांचे पार्ट एकमेकांना बसतील याची खात्री नसते. शिवाय कागदावर ४९ आणि आत ११०, असाही प्रकार असतो. घ्यायचीच असेल तर खालची तपासणी दुप्पट कडक करा.

इलेक्ट्रिकचा पर्याय शहरात राहणाऱ्यांना खरं तर जास्त सोयीचा. आवाज नाही, शेतमालक कुरकुरत नाही, पेट्रोलची भानगड नाही. हिरोच्या विडाने मुलांसाठी डर्ट-ई के३ आणली, तिची सीट मुलाच्या उंचीप्रमाणे वर-खाली बसवता येते. जुनी इलेक्ट्रिक घेताना एकच गोष्ट महत्त्वाची, बॅटरी. पूर्ण चार्ज करायला लावा, मग पंधरा-वीस मिनिटं स्वतःसमोर फिरवून बघा आणि नवीन बॅटरी केवढ्याला पडते ते आधीच विचारून ठेवा. कित्येकदा तो आकडा ऐकूनच जुन्या गाडीचा सौदा महाग वाटायला लागतो.

५. शोध

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि रायडर लोकांचे व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुपवर सर्वात चांगल्या गाड्या फिरतात, कारण तिथे पोरं मोठी झालेले आईबाप असतात आणि गाडीने काय काय भोगलंय ते चौघांना माहीत असतं. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, भाव जरा नरम पडतात. पुढचे पाच महिने गाडी झाकून ठेवायची जागा कुणाकडेच नसते.

"मी आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, ॲडव्हान्स टाका" असा मेसेज आला की फोन ठेवा. आणि पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

६. गाडी बघायला गेल्यावर

निघायच्या आधी फोनवर सांगा, "गाडी चालू करून ठेवू नका." तरी ठेवतात. कल्याणला एका गाडीसाठी गेलो तर गृहस्थ म्हणाले, आठवडाभर हात लावला नाही. मी बोलता बोलता सिलिंडरच्या पंख्यांवर (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवर) तळवा ठेवला. चहाच्या कपाइतका गरम. चहा घेतला, नमस्कार केला आणि निघालो. थंड गाडी किती किकमध्ये चालू होते तेच तर बघायचं असतं.

थंड असेल तर चोक लावून हाताने किक दाबून बघा. पाय नाही, हात. ठराविक ठिकाणी घट्ट अडलं पाहिजे. लोण्यात सुरी जावी तशी किक खाली गेली तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि बोअरचं (सिलिंडर आतून नीट करायचं) काम येणार. चालू झाल्यावर टू-स्ट्रोक सुरुवातीला पांढरट-निळा धूर सोडणारच, दोन मिनिटांत कमी व्हायला हवा. फोर-स्ट्रोकने मात्र निळा धूर सोडायचा नाही.

आता रेस. ही सर्वात महत्त्वाची चाचणी आणि हिला काही ज्ञान लागत नाही. इंजिन बंद असताना ॲक्सिलेटर पूर्ण पिळून सोडा. टक्कन आवाज करत जागेवर आला पाहिजे. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवून तेच, पूर्ण उजवीकडे वळवून तेच. एका बाजूला जरी अडखळला तरी केबल आणि मूठ बदलल्याशिवाय मुलाला बसवायचं नाही. घाबरलेलं मूल रेस सोडत नाही, उलट मूठ आवळतं. ती मूठ सुटल्यावर तरी गाडी थांबायला हवी.

लगेच किल-स्विच दाबून इंजिन बंद होतं का पाहा. मनगटाला बांधायची दोरी असेल तर ती ओढूनही बघा. नसेल तर बसवून घ्या.

गाडी चालू ठेवून मागचं चाक कशावर तरी उचला. बिनगिअरच्या गाडीत नुसत्या आयडलवर (रेस न देता) चाक जोरात फिरत असेल तर आयडल जास्त चढवलाय किंवा क्लच चिकटतोय. अशी गाडी मुलाने ब्रेक सोडताच आपोआप पुढे निघते.

एअर फिल्टरचं झाकण उघडा. मला विचाराल तर मालक कसा आहे हे इथे कळतं. फोम ओलसर तेलकट आणि स्वच्छ असेल तर माणसाने गाडी सांभाळलीय. फोम हातात भुगा होऊन आला किंवा नाहीच, तर ती माती इंजिनात गेलीय. बाकीचं काही बघायची गरज नाही, घरी जा.

बाकीची पाहणी भराभर होते. पुढचे शॉकप दाबून सोडा, नळीवर तेलाची रेघ उमटली तर सील गेलं. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खटका लागला तर कोन सेट (हँडलची बेअरिंग) संपलाय. मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा सांगाडा) धरून आडवा हलवा, खडखड नको. चाकातल्या तारांवर नख मारत जा, एखादी बद्द वाजली तर सैल आहे. हँडलच्या मुळाशी आणि पायदानाच्या जोडाजवळ चौकटीला नवा रंग दिसला तर टॉर्च मारून वेल्डिंग शोधा. चेन असेल तर मागच्या स्प्रॉकेटचे (चेन बसते त्या दातेरी चक्राचे) दात बघा, शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकले असतील तर चेनसकट सेट बदलायचा. ब्रेक लायनर किती उरलेत ते विचारू नका, दाबून बघा. आणि मुलाच्या बोटांनी लिव्हर ओढला जातो का, हे मुलालाच करायला लावा.

पीडब्ल्यू असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. हिच्यात टू-टी ऑइलची (टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाची) वेगळी टाकी असते आणि पंप ते आपोआप मिसळतो. बरेच जण पंप काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच तेल घालून चालवतात. काढला असेल तर वाईट नाही, पण तुम्हाला सांगितलं पाहिजे. न सांगता तुम्ही नुसतं पेट्रोल भरलंत तर पिस्टन जाम होईल. दुसरं म्हणजे रेस किती उघडायची ते ठरवणारा स्क्रू आणि एक्झॉस्टमधला रिस्ट्रिक्टर (जोर कमी ठेवणारा अडसर). ते आहेत का विचारा. पोराला जोर हवा म्हणून बापांनीच काढलेले असतात.

हे सगळं झाल्यावर मुलाला बसवा. हेल्मेट आणि बूट घालून. टाचा टेकतात? बसून दोन पायांनी गाडी डावी-उजवीकडे झुकवता येते? जमिनीवर आडवी पडलेली गाडी उचलणं त्याला जमणार नाही, ते तुमचं काम, पण उभी गाडी त्याला पेलली पाहिजे.

७. कागद आणि पैसे

आरसी बुक नसतं, म्हणून कागद नकोतच असं नाही. मूळ बिल मागा, परदेशातून आणलेली असेल तर कस्टमचे कागद. इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः वाचा, घासलेला असेल तर विषय संपला. विकणाऱ्याकडून सहीनिशी विक्रीचा कागद घ्या. त्यात दोन्ही नंबर, तारीख, रक्कम आणि त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स हवी. पैसे खात्यावर द्या, रोख नको.

घासाघीस करताना "कमी करा ना" म्हणण्यापेक्षा कामाची यादी समोर ठेवा. टायर, केबल, लायनर, प्लग, फिल्टर, प्रत्येकाचा भाव लिहून. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर आधीच मारलेली असेल तर हे आकडे तोंडपाठ असतात. बजेटचा पाचवा हिस्सा या पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला काढूनच बोलणी करा.

८. आणणं आणि ठेवणं

चालवत आणायची नाही, अगदी बाजूच्या गल्लीतून असली तरी. छोटा हत्ती सांगा, पेट्रोल कॉक बंद करा, हँडलला दोन्ही बाजूंनी पट्टे बांधून पुढचे शॉकप अर्धे दाबले जातील इतके आवळा. पीडब्ल्यू तर मागची सीट पाडून मोठ्या गाडीत बसते. आम्ही खाली जुनी सतरंजी टाकतो.

पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, धातूचा कॅन न्यावा लागतो. ज्या चिनी टू-स्ट्रोकला मिश्रण लागतं तिथे पुस्तिकेतलं प्रमाण पाळा, बहुतेक ठिकाणी १ लिटरला ४० मिली.

आणि मुंबईची खरी अडचण पुढे येते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. जूनमध्ये गाडी झाकून ठेवली आणि कार्ब्युरेटर तसाच भरलेला राहिला, तर दिवाळीनंतर जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) तुंबलेला असतो. आमचा झाला होता, हिरवट चिकटा निघाला आतून. म्हणून शेवटच्या फेरीनंतर टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून वाटीतलं पेट्रोल काढा, उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवा. प्लास्टिकने गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी. कुठे ठेवणार ते सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा. जिन्याखाली पेट्रोलची गाडी ठेवणं चूकच, ते आम्हाला उशिरा कळलं.

९. अंगावर काय

गाडी जुनी चालेल, हेल्मेट जुनं चालणार नाही. ते एकदा आपटलं असेल तर आतला थर्माकोल दबलेला असतो आणि बाहेरून काही दिसत नाही. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजा, आयएसआय किंवा ईसीईचा (युरोपीय सुरक्षा मानकाचा) शिक्का असलेलं, हनुवटी झाकणारं घ्या. पट्टा बांधून मागून वर ढकला, निघायला नको. इथेही वाढत्या अंगाचं घेऊ नका. घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघे-कोपराचे पॅड, हातमोजे आणि छातीचं कवच, हे मात्र जुनं मिळालं तर खुशाल घ्या. मुलांचे बूट झिजायच्या आधी लहान होतात.

१०. पहिला दिवस

रेसचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत, गाडी चालण्याच्या वेगाने जाईल इतका. पहिली दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून तुम्ही ढकला आणि मुलाला फक्त ब्रेक मारायला लावा. मग चालू करा आणि बाजूने चालत राहा. पुढून नाही, बाजूने. वीस मिनिटांत थांबवा, त्याला अजून हवं असतानाच. आमच्याकडे तिसऱ्या रविवारी स्क्रू अर्धा फेरा बाहेर आला, पुढचा अर्धा फेरा दीड महिन्याने.

मुलीचे गुडघे हँडलला लागायला लागले तेव्हा पीडब्ल्यू विकायला काढली. बदलापूरचं एक कुटुंब आलं. मी चोक लावायला वाकलो तर त्या बाई म्हणाल्या, "थांबा, आधी हात लावून बघू दे." त्यांनी सिलिंडरवर हात ठेवला, मग पोराला सीटवर बसवलं, खाली वाकून दोन्ही टाचा पाहिल्या, आणि त्यानंतर भाव विचारला.